लेन्स बदलून हवी

राजेसाब पेंटरांना काळवीट हवं होतं. कसलंही नव्हे, शिंगाचे पीळ मोजता येतील आणि डोळ्याभोवतीचं पांढरं कडं दिसेल, असं. त्या एका काळविटापायी गेल्या महिनाभरात त्यांच्या नाकी नऊ आले होते.

भानगड जुनी होती. वीस वर्षांपूर्वी मोहोळच्या अलीकडे, माळावरच्या एका शाळेच्या भिंतीवर त्यांनी काळवीट काढलं होतं, कॅलेंडरातलं बघून. कॅलेंडरातलं ते जनावर कुठल्या मुलखातलं होतं कोण जाणे, त्याच्या शिंगांना बाभळीसारखे फाटे होते. ज्या पोरांच्या शेताच्या बांधावरून रोज काळविटं उड्या मारत जातात, त्यांना फसवणार कोण? रंग वाळायच्या आत एक पोरगी म्हणाली, "चाचा, ह्ये कोण? आमच्याकडं न्हाय असलं." पण भिंत झाली होती, खाली "राजेसाब आर्ट्स, सोलापूर" असं ठसठशीत नावही पडलं होतं. वीस वर्षं ते नाव त्या चुकीच्या शिंगांखाली उभं राहिलं. त्या रस्त्याने जायची वेळ आली की पेंटर मान दुसरीकडे वळवत.

आणि आता भिंतीला नवा गिलावा झाला. शाळेच्या ऋतुजा मॅडमनी फोन करून सांगितलं, "चाचा, फ्लेक्स लावायचा नाही असं ठरलंय. तुमच्याच हातचं काळवीट पाहिजे. जूनमध्ये शाळा भरायच्या आत."

फ्लेक्सने धंदा बसवल्यापासून चार वर्षं पेंटरांचे ब्रश डब्यात पडून होते. त्या फोननंतर त्यांनी न्हाव्याकडे जाऊन मिशीला कलप लावून घेतला. एक चूक पुसायची संधी माणसाला किती वेळा मिळते? यावेळी कॅलेंडर नाही, मोबाइलवरचं चित्र नाही. जनावर स्वतः बघायचं, स्वतः टिपायचं आणि मगच भिंतीला हात लावायचा. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाने, अल्तमशने, आपला जुना कॅमेरा देऊन टाकला होता. अडलं ते फक्त लांबचं टिपणाऱ्या लेन्सवर.

नवी पेठेत युवराजचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. लग्नाच्या फोटोग्राफरांना तो लेन्सा भाड्याने देई. दुकानाची पहिली पाटी पेंटरांनीच रंगवलेली, त्यामुळे युवराज म्हणाला, "चाचा, विकत कशाला घेता? एकेक घिऊन जावा, वापरून बघा. जी आवडंल ती ठरवू."

इतकं सरळ होतं. पण दुकानाच्या बाकावर लगीनसराईतून सवड काढून बसलेले तीन फोटोग्राफर होते, आणि फुकटचा सल्ला द्यायला सोलापुरात कुणाला मुहूर्त लागत नाही. एक म्हणाला सहाशे एमएमच्या खाली बघूच नका, आकडा जेवढा मोठा तेवढं जनावर जवळ दिसतं. दुसरा म्हणाला चारशे बास, बाकीचं कापून मोठं करता येतं. तिसरा म्हणाला आकड्यावर जाऊ नका चाचा, लेन्स उजेड किती घेते ते बघा. तिघांनीही आयुष्यात वरमाला आणि सप्तपदी सोडून काही टिपलेलं नव्हतं. असल्या उंटावरच्या शहाण्यांचं ऐकून पेंटरांचं डोकं पार उठलं.

पहिली नेली ती सत्तर-तीनशे. हलकी, पिशवीत मावणारी. पहाटे स्कूटी काढून पेंटर माळावर गेले, पाणवठ्याजवळ दोन तास उकिडवे बसले. कळप आला, पण दूरच थांबला. घरी येऊन बघतात तर फोटोत माळ भरपूर आणि काळवीट मुंगीएवढं. शिंगं कसली मोजता, डोकं कुठल्या बाजूला आहे तेच कळेना.

"म्हणलं होतं की," बाकावरचा सहाशेवाला म्हणाला.

मग नेली दीडशे-सहाशे. दोन किलोचं धूड! युवराजने सोबत एका पायाचा स्टँड पुढे केला. "चाचा, हिला टेकू पायजे. हातात धरून न्हाय जमत."

इथे पेंटरांचा पारा चढला. पाट्या रंगवणारे नवशिके पोरगे असतात ना, ते एका हातात काठी आडवी धरतात आणि तिच्यावर मनगट टेकवून अक्षर काढतात. पहिल्या दोन वर्षांत ती काठी सुटली नाही, तर उस्ताद त्या पोराला परत रंग ढवळायला बसवतो. राजेसाबांची काठी सहा महिन्यांत सुटली होती. शिडीच्या टोकावर उभं राहून, अधांतरी हाताने, वीतभर जाडीची रेघ ते पट्टीशिवाय ओढत. बघायला माणसं थांबत.

"मला टेकू देतोस?" ते म्हणाले. "अरे, ह्या हातानं मी तुज्या बापाचं नाव लिवलंय दुकानावर. तवा कुणी धरला हुता का हात?"

युवराजने स्टँड आत ठेवला.

सहाशेच्या लेन्सने काळवीट जवळ आलं, एवढं की चौकटीत मावेना. पण सगळं पुसट. पाण्यात रंग सांडावा तसे काळ्यापांढऱ्याचे फराटे. एक नाही, एकशे चाळीस फोटो, आणि एकशे चाळीसही तसलेच. पेंटरांनी वजनाला शिव्या घातल्या. मेमधल्या सोलापूरच्या उन्हाला शिव्या घातल्या. आठ वाजताच माळावर झळा उठतात, त्यात फोटो काय स्पष्ट येणार? शाळा भरायला आता पंधराच दिवस राहिले होते आणि मॅडमचे "झालं का चाचा?" असे निरोप दिवसाआड येत होते.

तिसरी नेली शंभर-चारशे. मध्यम वजनाची, आणि आत थरथर थांबवणारी यंत्रणा असलेली. "आता तरी वाद नको," युवराज म्हणाला. "शटरचा येग मी लावून दिलाय. तुमी फकस्त बटण दाबायचं."

त्या दिवशी माळावर धोंडीराम धनगर भेटला. मेंढरं चारत होता. महिनाभर हा म्हातारा झुडपामागे दबा धरून बसतो हे त्याने पाहिलेलं होतं.

"काय वो पाव्हणं, चोरावानी लपताय कशाला?" तो म्हणाला. "माणूस लपला की जनावर बिथरतं. माझ्या मेंढरात बसा की. मेंढराला काळवीट भेत न्हाय."

पेंटर मेंढरांत बसले. लोकरीचा वास, लेंड्या, गोमाश्या, सगळं सोसलं. आणि खरंच, अर्ध्या तासात कळप चरत चरत आला. पुढचा नर पन्नास पावलांवर थांबला. काळाभोर, पोट पांढरं, शिंगं पिळदार. नुसत्या डोळ्यांनी पेंटरांनी पीळ मोजले. चार. वीस वर्षांची चूक समोर दुरुस्त होऊन उभी होती.

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि काळवीट नाचायला लागलं. चौकटीत डावीकडे, उजवीकडे, बाहेर, परत आत. नुसत्या डोळ्याला जनावर दगडासारखं उभं आणि लेन्समध्ये मात्र ते थयथयाट करतंय! पेंटरांनी दात आवळून साठ फोटो काढले. साठही गेले.

"न्हाय आला?" धोंडीरामने विचारलं.

"लेन्सच खराब हाय!" पेंटर ओरडले. सगळा कळप उधळला.

माळावरून ते घरी गेलेच नाहीत, थेट नवी पेठ गाठली. कपड्याला लेंड्यांचा वास, डोक्यात आग. बाकावरचे तिघे त्यांचा अवतार बघून सरकून बसले.

"लेन्स बदलून पायजे," पेंटरांनी ती काचेवर आदळलीच. "तुजी थरथर थांबवायची मशीनच थरथरतीय. पन्नास पावलांवरचं जनावर हातचं गेलं माज्या. भंगार देतोस व्हय रे म्हाताऱ्याला?"

युवराजलाही राग आला. दुकानात गिऱ्हाइकांसमोर भंगार म्हटलेलं कोण ऐकून घेईल? तो कॅमेरा घेऊन दारात गेला. रस्त्यापलीकडे वरच्या मजल्यावर एका क्लासचा फ्लेक्स होता, पास झालेल्या पोरांच्या फोटोंचा. युवराजने एका हाताने, उभ्या उभ्या बटण दाबलं आणि स्क्रीन पेंटरांपुढे धरली. प्रत्येक पोराचे टक्के वाचता येत होते.

"आता तुमी काढा. काय बी बदलत न्हाय मी."

पेंटरांनी काढला. मग परत काढला. श्वास रोखून, कोपरं पोटाला दाबून आणखी काढला. स्क्रीनवर नुसते फराटे होते, माळावरच्यासारखेच.

"नाचता येईना अंगण वाकडं" ही म्हण ते आयुष्यभर शिकाऊ पोरांना सुनावत आले होते. आत्ता ती कुणी म्हटली नाही, पण तिघांच्या तोंडावर त्यांना ती वाचता आली. पेंटरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बँकेत सही जमेना तेव्हा पेन खराब होतं. शर्टाची बटणं लागत नव्हती तेव्हा काजं लहान होती. कारणं केवढी हुशारीने शोधली होती त्यांनी! हात रिकामा होता, कॅमेरा केव्हाच खाली ठेवला होता, आणि बोटं आपली हलतच होती.

युवराजचा राग उतरला. "चाचा, पंखा लई जोरात हाय हितं," तो म्हणाला. "वाऱ्यानं हलतं कदी कदी."

"पंख्याचं नको सांगू," पेंटर म्हणाले आणि निघाले.

घरी बायकोने, बिबीजानने, चहा टाकला. कप पुढे आला तो नेहमीसारखा अर्धाच. साखरेच्या आजारामुळे ही चहा तोडते असं समजून पेंटर वर्षभर त्या अर्ध्या कपावरून तिच्याशी भांडत आले होते. आज त्यांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कबसे मालूम है तेरेकू?" त्यांनी विचारलं.

बिबीजान पदराशी चाळा करत राहिली. "साल हुआ," ती म्हणाली. "तुमे बोले नै, मैं भी नै बोली."

"पूरा भर."

"कायकू जी? रहने दो."

"भर बोल्या ना!"

तिने काठोकाठ भरला. पेंटरांनी कप उचलला. ओठांपर्यंत जाईतो अर्धा चहा लेंग्यावर आला होता. चटका बसला तरी त्यांनी कप खाली ठेवला नाही, उरलेला प्यायले. बिबीजान फडकं घेऊन उठली, पण पुसायला पुढे आली नाही, तशीच उभी राहिली.

त्यांना रडायला येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि राग काढायला आता लेन्सही उरली नव्हती.

"मॅडमना मैं फोन लगाऊं क्या?" तिने हळूच विचारलं. "बोलती मैं, तबियत नै बोलके."

पेंटरांनी नकार दिला. नंबर दाबताना बोट दोनदा चुकलं. पलीकडून मॅडमचा आवाज आला, नेहमीसारखा उत्साहात, "बोला चाचा! मिळालं का काळवीट?"

"मिळालं मॅडम. लई देखणं हाय. शिंगाला चार पीळ हायती, ध्यानात ठिवा, फाटे न्हाईत." त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "भिंतीसाटी दुसरा पेंटर बघा. माजा हात गेलाय."