बारा ताटांची किल्ली

आखाडा बाळापुरात पासवर्ड विसरणाऱ्यांची काही कमी नाही, आणि त्या सगळ्यांनी धम्मानंदची बोलणी खाल्लेली आहेत. बसस्टँडजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र. "काका, पासवर्ड म्हंजे घराची किल्ली असती. किल्ली कोणी इसरतं व्हय?" हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. त्यामुळे पुढे त्याच्यावर जी वेळ आली, तिचं बाळापुरात कोणाला फारसं वाईट वाटलं नाही.

त्याची बायको ऐश्वर्या घरी ब्लाउज शिवायची. शिवणाचे पैसे साठवून बसस्टँडजवळ एखादा गाळा घ्यायचा आणि दारावर आपल्या नावाची पाटी लावायची, एवढं एकच तिच्या मनात होतं. पैसे साठले तसे तिने ते नवऱ्याच्या हाती दिले आणि सांगितलं, "ब्यांकेत ठेव म्हणून टाका." धम्मानंदने त्या पैशांचं बिटकॉइन, म्हणजे इंटरनेटवरचं नाणं, घेतलं. मनात पाप नव्हतं. पैसे वाढले की एक दिवस एकदम समोर ठेवायचे आणि तिचा चेहरा बघायचा, असं त्याने ठरवलं होतं. फक्त तिला विचारायचं राहून गेलं.

मग इंटरनेटवरच्या चोरांच्या बातम्या वाचून त्याची झोप उडाली. व्हिडिओ बघबघून त्याने बोटाएवढं एक यंत्र मागवलं, हार्डवेअर वॉलेट. व्हिडिओतल्या माणसाने नीट समजावलं होतं. यंत्रात नाणी नसतात, नाण्यांची किल्ली असते. यंत्र मोडलं तरी बिघडत नाही. सुरुवातीला ते बारा इंग्रजी शब्द दाखवतं; तेच शब्द त्याच क्रमाने नव्या यंत्रात घातले की सगळं जसंच्या तसं परत. म्हणून यंत्रापेक्षा शब्द जपायचे. कागद भिजतो, जळतो, वाळवी खाते. तेव्हा शब्द स्टीलवर कोरा. मोबाइलमध्ये ठेवू नका. आणि कुठे ठेवले ते कोणालाच सांगू नका.

त्यासाठी खास स्टीलच्या पट्ट्या परदेशातून मागवाव्या लागत होत्या. किंमत बघून धम्मानंदला हसू आलं. ज्या मुलखात लग्नातल्या वाटीवरसुद्धा मामाचं नाव असतं, तिथे स्टीलवर कोरायला परदेशी कशाला जायचं? तो थेट भांड्यांच्या दुकानात, नावं घालणाऱ्या मुंजाजीकडे गेला. मनासारखी ताटं दुकानात अकराच निघाली, म्हणून बारावं घरच्या फळीवरून आणलं.

"नाव कोणाचं घालू?" मुंजाजीने मशीन हातात घेत विचारलं.

"नाव न्हाई. प्रत्येकाच्या पाठीवर एक नंबर अन् एक शब्द. एक टायगर, दोन लेमन, तीन ओनियन..."

मुंजाजीने मशीन खाली ठेवली. "आजवर म्या कैलासवासी कोरले, कालकथित कोरले, सप्रेम भेट तर किती कोरले. हे काय हाय?"

"लेकरांच्या इंग्रजीसाठी."

"तुमाला लेकरं कुठं हायत अजून?"

"व्हतील की," म्हणून धम्मानंदने वेळ मारून नेली. ताटं घरच्या फळीवर उभी राहिली. यंत्र त्याने स्वयंपाकघरात हळकुंडांच्या डब्यात तळाशी लपवलं. चोर सोनं शोधतात, हळकुंडं कोण शोधतं? आणि व्हिडिओतल्या माणसाचं ऐकून त्याने कोणाला काही सांगितलं नाही.

एक वर्ष सुखात गेलं. मग एका सकाळी त्याची आई जनकाबाई वर्षाची हळद करायला डबा उचलून कांडपावर गेली. तिने डबा मशीनमध्ये उपडा केला. मशीनने खाड्‌कन आवाज केला, गिरणीवाल्याने जनकाबाईला दोन शब्द सुनावले आणि हळदीतून काळ्या प्लास्टिकचे तुकडे निघाले. जनकाबाईने ते चाळून फेकले आणि हळद घरी आणली.

धम्मानंदला हे कळलं तेव्हा तो घाबरला नाही. उलट मिशीत हसला. यालाच म्हणतात तयारी! त्याने कुरिअरने नवं यंत्र मागवलं आणि शब्द वाचायला फळीकडे गेला. फळीवर एकही ताट नव्हतं.

"माय, ताटं कुठं गेली?"

"कोणती ताटं?"

"अकरा नवी व्हती, अन् एक आपलं."

"अरे, जयंतीला बुंदी वाटली नव्हं गल्लीत? मंग पौर्णिमेला, मंग दसऱ्याला. एक अनुसयाबाईकडं गेलं, एक रूपाबाईकडं, बाकीची असतील कुठं कुठं. येतील की."

धम्मानंदच्या तोंडचं पाणी पळालं. गल्लीची रीत त्याला ठाऊक होती. कोणाचं ताट रिकामं परत करायचं नाही. भरून द्यायला काही गोडधोड होईपर्यंत ते आपल्याच घरी वापरायचं, मग त्याला वर्ष लागो की दोन.

"मागून आणतो," तो म्हणाला.

जनकाबाईने कपाळावर हात मारला. "भांडी मागाया जातूस? लाज हाय का? आपल्या घरात लोकांची आठ ताटं पडून हायत, आलं का कोणी मागाया?"

इकडे ऐश्वर्याने गाळा बघून ठेवला होता. मालकाला सोमवारी पैसे हवे होते. "ब्यांकेतून काढून ठेवा बरं का," ती सकाळ-संध्याकाळ आठवण करायची आणि धम्मानंद "व्हय, व्हय" म्हणत बाहेर पडायचा.

ताट मागायचं नाही, नुसतं पालथं करून वाचायचं, असा विचार करून तो भर दुपारी मेंढ्यावाल्या ज्ञानबाच्या घरी गेला. ज्ञानबाची बायको अनुसयाबाई त्याला न जेवता सोडणार नाही हे नक्की होतं. तिने पिठलं-भाकरी वाढली आणि ताट बघताच धम्मानंदने ते ओळखलं. भराभर जेवून त्याने ताट उचललं आणि उलटं केलं. तीन, ओनियन.

"काहून रे धम्मा, ताट पालथं घालून राहिला?" अनुसयाबाईचा आवाज पडला. "भाकर बरी न्हाई झाली का?"

"लई झ्याक झाली मावशी!"

"मंग घे आणखी."

तो दोन भाकरी आणखी जेवला. दुसऱ्या घरीही जेवला. तिथे ताट भलतंच निघालं. तिसऱ्या घराच्या दारात त्याला वरणाचा वास आला आणि तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला. या रस्त्याने सोमवारपर्यंत आपण किल्लीसाठी नाही, दवाखान्यासाठी पात्र होऊ, हे त्याला कळून चुकलं.

तेव्हा त्याने रविवारी अख्ख्या गल्लीला जेवणाचं आवतण दिलं. ऐश्वर्याच्या दुकानाच्या आनंदात जेवण, येताना आपापलं ताट घेऊन यावं. आपापलं म्हटलं तरी पंगतीला स्वतःचं चांगलं ताट कोणी नेत नाही, तिथे ते बदलतं. जनकाबाईचं ताट जनकाबाईच्याच दारी नेलं तर हरवायची भीती नाही, आणि भरून परत द्यायचं ओझंही आपोआप उतरतं. गल्ली असाच विचार करणार याची त्याला खात्री होती.

"दुकान अजून हातात न्हाई अन् जेवण काहून?" ऐश्वर्याने विचारलं.

"आनंद झाला म्हणून."

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि वांगी चिरायला घेतली.

रविवारी पंगत बसली, उठली, आणि बाळापुराने कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. धम्मानंद नळाखाली बसून सगळ्यांची ताटं घासत होता. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "ऐश्वर्यानं नवऱ्याला बराबर वळण लावलं," कोणीतरी म्हणालं. त्याला ऐकूच आलं नाही. तो ताट घासायचा, पालथं करायचा, इकडे तिकडे बघून शर्ट वर करायचा आणि बॉलपेनने पोटावर लिहायचा. मोबाइलमध्ये लिहायचं नाही, हा नियम तो अजून पाळत होता.

रूपाबाईने आपलं ताट त्याच्यापुढे आपटलं. "हे ठेवून घ्या तुमचं. आमच्या पोरीनं, साक्षीनं, वाचून दाखवलं मला. जयंतीची बुंदी देता अन् खाली गाढव म्हणता?" पाच, डाँकी. धम्मानंदने तिचे पाय धरले आणि पोटावर पाच नंबर लिहिला.

दुपार कलली तेव्हा पोटावर अकरा शब्द होते. बारा नंबरचा नव्हता. सगळी ताटं संपली होती. तो आईकडे धावला.

"माझ्या हातानं मी अकराच दिली," जनकाबाई म्हणाली. "बारावं मला गावलंच न्हाई."

त्याने मान वळवली. वाढून वाढून दमलेली ऐश्वर्या तेव्हा कुठे जेवायला बसली होती. तिच्या पुढ्यातल्या ताटाच्या कडेवर अक्षरं होती. 'चि. ऐश्वर्या हिस वडील भीमराज यांजकडून'. घरच्या फळीवरून त्याने उचललेलं बारावं ताट ते हेच. तेव्हा त्याने कडेवरची अक्षरं वाचलीसुद्धा नव्हती.

तो तिच्याजवळ उकिडवा बसला. "ऐश्वर्या, ते ताट जरा दे ना."

"जेवून राहिले न मी." तिने भातात वरण कालवलं. "माझ्या बापानं दिलेल्या ताटावर कोणी खरडलं म्हणून मी मुंजाजीकडं गेले व्हते. तो म्हणला, तुमच्याच मालकानं. तवापासून हे ताट माझ्या पेटीत हाय. मंग ब्यांकेत गेले. ते म्हणले, अशी काही ठेव न्हाई."

"कवा गेली व्हतीस?"

"वरीस झालं. म्हटलं, सांगतील कवातरी. रोज वाट बघितली."

ती रागावेल याची धम्मानंदला भीती होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. वर्षभर हिने सगळं माहीत असून रोज ताट वाढलं आणि एका शब्दाने विचारलं नाही, या विचाराने त्याचा जीव शरमेने अर्धा झाला. त्याने यंत्रापासून कांडपापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"पैसे हायत का गेले, तेवढं सांगा."

"हायत. तुझ्या ताटाखाली हायत."

"बुंदी आणा."

त्याने बुंदी वाढली. तिने सावकाश खाल्ली. बायका जवळ सरकून ऐकत होत्या. मग तिने स्वतः नळावर जाऊन ताट घासलं, पालथं केलं, वाचलं आणि छातीशी धरलं.

"उद्या पैसे माझ्या खात्यात. अन् याच्या म्होरं इचारल्याबगर ना माझ्या ताटाला हात, ना माझ्या पैशाला. म्हणा."

"व्हय."

"सगळ्यायला ऐकू जाईल असं म्हणा."

पोटावरची शाई घामाने पसरत चालली होती. धम्मानंदने अख्ख्या गल्लीसमोर ते वाक्य मोठ्याने म्हटलं.

"कॉटन," ऐश्वर्या म्हणाली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी कुरिअरने आलेल्या नव्या यंत्रात बारा शब्द घातले, नाणी विकली आणि गाळा मिळाला. पैसे खरंच थोडे वाढले होते, त्यामुळे काही नाणी उरलीही. पण ते बारा शब्द आता अर्ध्या गल्लीने वाचले होते. नवे शब्द करून घेणं भाग होतं. ऐश्वर्याने यंत्र स्वतःच्या हातात घेतलं आणि नवऱ्याला अनुसयाबाईकडे ताटभर बुंदी देऊन पाठवलं. तो परत आला तेव्हा ती मशीनवर ब्लाउज शिवत होती.

"शब्द कुठं ठेवलेस?"

"व्हिडिओत काय सांगितलं व्हतं?" तिने मशीन न थांबवता विचारलं.

हल्ली केंद्रावर कोणी पासवर्ड विसरून आलं तर धम्मानंद एक शब्द बोलत नाही. घरी मात्र जेवण झालं की तो हळूच ताट पालथं करून बघतो. खाली काहीच नसतं. पोराचं पोट भरलं नाही असं वाटून जनकाबाई आणखी एक भाकरी वाढते, आणि तो ती मुकाट्याने खातो.