वहीतले पंचावन्न

मी एक जुना तापमापक आहे. पीरमहंमद मुलाणीच्या घरी पहिली मुलगी अर्फा जन्मली त्या वर्षी, म्हणजे १९९७ साली, म्हसवडच्या पुढच्या माळावरच्या सूतगिरणीत पश्चिमेच्या भिंतीवर मला टांगलं. तेव्हापासून मी त्याच खिळ्यावर आहे. पण मित्रांनो, जो एका जागी असतो तो शांत असतो, असं समजू नका. माझ्यातला पारा क्षणभर स्वस्थ बसत नाही.

मला दोन नळ्या आहेत. एक कोरडी. दुसरीच्या टोकाला मऊ कापडाची वात गुंडाळलेली असते, आणि वातीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत बुडालेलं असतं. हवा जितकी कोरडी, तितकं वातीतलं पाणी भराभर उडतं आणि ती नळी थंड पडते. दोन नळ्यांतला फरक बघायचा आणि शेजारच्या तक्त्यावरून हवेतली ओल काढायची. सुताला ओल लागते. हवा सुकली की सुताची तार तटातट तुटते.

माझी पहिली वात अर्फाच्या मलमलच्या झबल्यातून मदिनाबीने, म्हणजे अर्फाच्या आईने, कापून दिली होती. पीरमहंमद गिरणीत हवेची नोंद ठेवायचा. दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी तो वात बदलायचा, आणि वाटीत स्वच्छ पाणी रोज भरायचा. सुरुवातीला माझा मान मोठा होता. पाहुणे आले की त्यांना माझ्यासमोर आणून उभं करत. पीरमहंमद मान वाकडी करून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा.

पहिल्या उन्हाळ्यात त्याने दुपारी ओल सत्तेचाळीस टक्के लिहिली. त्या वेळच्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. ओल पंचावन्न हवी, मग सत्तेचाळीस कशी, पाणी का सोडलं नाहीस, असं विचारलं. पाणी सोडायचं कुठून? माण तालुक्यातला उन्हाळा; गिरणीची विहीर तळाला गेलेली, टँकर आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा खरं लिहिलं आणि पुन्हा बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे बघितलं, खाली मान घातली आणि पंचावन्न लिहिलं. कुणी बोलावलं नाही.

त्यानंतर वहीत पंचावन्नच येत राहिलं. क्वचित चोपन्न, क्वचित छप्पन्न. मला पाणी घालायला तो एक दिवस चुकला नाही. मी काय सांगतो तेवढं लिहायला चुकला. मी रोज दुपारी पारा उतरवून सांगत होतो. भिंतीलाच वाचा नव्हती, तर माझं कोण ऐकणार?

माझ्या खालच्या साच्यांवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर, धोंडुबाई आणि सहा बायका काम करायच्या. दुपारी पश्चिमेचं ऊन भिंतीवर आलं की त्यांचे हात तार जोडून जोडून थकायचे. मग २०२३ सालच्या उन्हाळ्यात गिरणीत संगणक घ्यायचं ठरलं. सगळ्या साच्यांवर, पंख्यांवर, हवेवर एका पडद्यावरून नजर ठेवायची. त्याचा प्रोग्राम कोणता घ्यायचा, हे मॅनेजर नानासो आणि सांगलीहून नव्याने आलेली इंजिनिअर चारुशीला ठरवणार होते. दोन कंपन्यांनी आपापला प्रोग्राम एक महिना चालवून दाखवला.

पहिल्याचा पडदा हिरवागार. खात्यातल्या सहा जागांच्या आकड्यांची तो तासाची सरासरी काढायचा आणि ओल पंचावन्न दाखवायचा. दुसरा प्रत्येक जागेचा आकडा वेगळा दाखवायचा. दुपार झाली की माझ्या कोपऱ्याचा आकडा लाल व्हायचा आणि घंटा वाजायची. नानासोंना त्या घंटेचा वैताग आला. चारुशीला म्हणाली, कोणता खरा ते जुन्या वहीशी ताडून बघू. वह्या काढल्या. सव्वीस वर्षांच्या वह्या पहिल्या प्रोग्रामशी तंतोतंत जुळल्या.

नानासोंनी त्यातून आणखी एक अर्थ काढला. हवा जर चांगली आहे, तर पश्चिमेलाच तार का तुटते? बायकांचं लक्ष नाही. धोंडुबाईसह सातही जणींना महिनाअखेर कमी करायचं, असा कागद तयार झाला.

धोंडुबाई माझ्याखाली येऊन पीरमहंमदला म्हणाली, "पीरभाऊ, आमी काय झोपा काढतुया व्हय? तुमी रोज हितं येताय. तुमाला दिसत न्हाई?"

तो वही काखेत मारून निघून गेला. पुढचे तीन दिवस तो माझ्याकडे फिरकलाच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शुक्रवार चुकला. वाटीतलं पाणी आटलं. वात वाळून कडक झाली. मित्रांनो, माझी वात सुकली की काय होतं ते सांगतो. ओली नळी थंड होत नाही. दोन्ही नळ्या सारखाच आकडा दाखवतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, हवा ओलीचिंब आहे. मी खोटा होतो.

सोमवारी दुपारी तीन वाजता नानासो, चारुशीला आणि पीरमहंमद माझ्यासमोर उभे राहिले. वह्या प्रोग्रामशी जुळतात, अशा कागदावर पीरमहंमदची सही हवी होती. तो महिनाअखेर निवृत्त होणार होता. साचे चालूच होते. धोंडुबाईचे हात तार जोडत होते, पण कान इकडे होते.

नानासोंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यो बघ, तुझा तापमापकबी त्येच सांगतोय. दोन्ही नळ्या छत्तीस. ओल भरपूर हाय. कर सही."

माझा पारा तिथेच खिळला होता. मला हलायचं होतं आणि हलता येत नव्हतं. पीरमहंमदने पेन उघडलं. गप्प बसला असता तर वही, पडदा आणि मी, तिघेही त्याच्या बाजूने होतो. त्याने दोन बोटांनी माझी वात चाचपली. कोरडी, खडखडीत. त्याने पेन बंद करून खिशाला लावलं.

"साहेब, वात सुकलीया. ह्यो खोटं बोलतोय."

आपल्या बाटलीतलं पाणी त्याने वाटीत ओतलं, वात भिजवली आणि म्हणाला, "धा मिनटं थांबा."

सगळे थांबले. माझी ओली नळी छत्तिसावरून उतरू लागली. तेहतीस, तीस, अठ्ठावीस. सव्विसावर थांबली. चारुशीलाने तक्ता बघितला. ओल सेहेचाळीस. तिने पडद्याकडे बघितलं. दुसरा प्रोग्राम त्याच कोपऱ्याला पंचेचाळीस दाखवत होता.

"मग चाचा, वहीत पंचावन्न कसं?" तिने हळूच विचारलं.

"वही मी लिवली, बाई. पर ह्याच्याकडं बघून लिवली न्हाई."

"मंग काय बघून लिवलीस?" नानासो म्हणाले.

"साहेब लोकांची तोंडं बघून."

साच्यांच्या आवाजातही धोंडुबाईचं हसू मला ऐकू आलं. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

गिरणीने दुसरा प्रोग्राम घेतला. पश्चिमेच्या भिंतीला पाण्याचा फवारा बसला. बायकांचा कागद फाडला गेला. पीरमहंमदला खोट्या नोंदींबद्दल मेमो मिळाला आणि त्याचा निरोप समारंभ झाला नाही. सात बायकांनी फाटकाबाहेर त्याला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. टोपी घालून तो बराच वेळ तिथेच उभा होता, असं धोंडुबाई नंतर सांगत होती.

चारुशीलाने मला काढू दिलं नाही. पडदाही कधी चुकेल, तेव्हा ताडून बघायला हा असू दे, म्हणाली. पण तिला आता अनेक कामं. कधी दोन दिवस, कधी चार दिवस वाटी कोरडी राहते आणि मी पुन्हा खोटं बोलू लागतो, कुणाच्या ध्यानात न येता. त्याने मी फार बेचैन होतो.

मित्रांनो, पडदा घ्या, वही घ्या, काय हवं ते घ्या. पण जो तुम्हाला खरं सांगतो, त्याची वात ओली ठेवा. आणि त्याने सांगितलेला आकडा आवडला नाही, तरी तोच लिहा.

माझी आताची वात मदिनाबीने धोंडुबाईच्या हाती पाठवली. पांढऱ्या मलमलची आहे, एका जुन्या सदऱ्यातून कापलेली. पीरमहंमद मुलाणी ११ जानेवारी २०२४ रोजी, गुरुवारी दुपारी, म्हसवडच्या राहत्या घरी वारला.