निळ्या दिव्याखालचा लाल मासा

संग्रहालयात कायमची जागा एकच आणि उमेदवार दोघी: मी आणि माझी सख्खी धाकटी बहीण. खोल समुद्राच्या दालनासाठी एकेक मासा घडवायचा, मग संचालक ठरवणार.

धाकटीला मिळाला कपाळावर कंदील लोंबवणारा मासा. मला मिळाला लालभडक. उरलासुरला उजेड टिपायला बशीएवढे डोळे असलेला. लाल उजेड तितक्या खोल पोचतच नाही, त्यामुळे तिथे हा मासा काळा दिसतो आणि शिकाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. हे मला पाठ होतं. पण म्हणून दीड महिना खपून एकेक खवला रंगवायचा, तो काय कुणाला न दिसण्यासाठी? दालनात निळा दिवा लागला आणि माझा मासा गडप झाला. येणारा जाणारा धाकटीच्या कंदिलापाशी थांबायचा. "अय्या, किती गोड!" गोड? ते दात? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

लहानपणापासून हेच. हिने नुसतं हसावं आणि पाहुण्यांनी माझं बक्षीस विसरावं.

निवडीच्या दिवशी सकाळी मी शिडी लावली, निळा दिवा काढून एप्रनच्या खिशात टाकला आणि पांढरा बसवला. माझा मासा झळकला. तिचा कंदील पार फिका पडला. मला मनातून गुदगुल्या झाल्या.

संचालक आले ते दारातच थबकले. "बाई, काल तुमचा मासा शोधायला मला पाच मिनिटं लागली. तेव्हाच तुमचं नाव पक्कं केलं. मग आज हा पांढरा दिवा लावायचा शहाणपणा कुणाचा?"

धाकटीने माझ्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं आणि सरकून माझ्यापुढे उभी राहिली.

"माझा, सर. ताईने एवढा जीव ओतला आणि कुणी बघेचना. मला राहवलं नाही."

त्यांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. मी खिशावर हात दाबून उभी.

ते गेल्यावर तिने माझ्या खिशातून दिवा काढून हातात दिला. "लाव परत. मी शिडी धरते, नाहीतर पडशील."

मी वर चढले. खाली ती दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभी होती. हिला हे इतकं सहज कसं जमतं? जागा मला मिळाली होती, आणि तरी मी तिच्यावरच जळत होते.