इंदुताईंचा साचा आणि इटलीची पाहुणी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मोठी माणसं तर अर्ध्यातच उठून जातात. तुम्ही मात्र गॅलरीत मांडी घालून बसला आहात, आणि अगदी पुढे इंदुताईंची नात विजयश्री डोळे बारीक करून माझ्याकडे बघते आहे. बघू दे. मला सवय आहे.

मी एक जुना शेवयांचा साचा आहे. वरून पिठाचा गोळा घालायचा, कडेचा दांडा फिरवायचा, की पुढच्या चकतीच्या भोकांतून शेवया बाहेर पडतात. सांगायला एवढंच, पण करून बघा!

माझा जन्म इथलाच, चिखलीचा. मारुतराव नावाचे टर्नर पत्र्याच्या शेडमधल्या वर्कशॉपमध्ये काम करायचे. दिवसभर ते कंपन्यांचे पार्ट बनवत आणि सुट्टी झाली की मला. त्यांची बायको इंदुताई लातूरकडची. गावात असा साचा होता, इथे नाही, म्हणून उन्हाळा आला की ती गप्प गप्प व्हायची. ते मारुतरावांना बघवेना. मला घासताना ग्राइंडरमधून एवढ्या ठिणग्या उडाल्या, की दापोडीच्या लोकांना वाटलं दिवाळी अलीकडे आली. त्यांनी फराळाचे डबेसुद्धा भरले. विचारा त्यांना!

पहिल्यांदा दांडा फिरवला तेव्हा माझ्यातून एकच शेवई आली, पण तुटेचना. जिना उतरली, रस्ता ओलांडला, नदीवरून गेली आणि थेट दापोडीच्या स्टेशनात शिरली. गार्डनं तिला हिरवा झेंडा दाखवला. शेवटी ती गुंडाळत आणायला इंदुताईंना सायकल घ्यावी लागली.

असो. त्यानंतरची वर्षं फार सुखाची गेली. चैत्राचं ऊन तापलं की मला गॅलरीत आणायचे. बाजेवर जुनं लुगडं पसरायचं आणि त्यावर माझ्या शेवया वाळायच्या. साचा बाहेर निघाला, की आमच्या दारात अख्ख्या गल्लीनं पीठ घेऊन यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. कुणी बोलवत नाही आणि कुणी विचारतही नाही. दांड्याचा कुईकुई आवाज हेच आमंत्रण.

मग दुकानात पाकिटं आली. मारुतराव देवाघरी गेले. सून दीपमाला चाकणच्या कंपनीत लागली, मुलगा नवनाथही तिथेच, माल तपासायच्या खात्यात. दोघांच्या शिफ्ट वेगळ्या. शेवया पाडायला वेळ कुणाला? मी गोणपाटात गुंडाळला गेलो आणि माळ्यावर चढलो. शेजारी एक बंद पडलेला पंखा होता. तो फिरतही नव्हता आणि बोलतही नव्हता. असा शेजार कुणालाही मिळू नये.

एकदा दीपमाला खालून म्हणाली, "आई, माळा रिकामा करायचाय. बरकतभाऊंना रविवारी यायला सांगितलंय. साचाही देऊन टाकू. नुसता गंजतोय."

इंदुताईंनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "दे बाई. मला तरी आता कुठं दांडा फिरवणं होतंय."

बरकतभाऊ म्हणजे आपल्या गल्लीतले भंगारवाले. माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या हातगाडीवर चढलेला साचा पुढे भट्टीतच जातो. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी माझं पाणी पाणी झालं.

पण त्याच रविवारी दुपारी घरी पाहुणी येणार होती. दीपमालाच्या कंपनीत इटलीहून नवं मशीन आलं होतं आणि ते बसवायला फेदेरिका नावाची इंजिनीअर. हॉटेलातलं तिखट खाऊन ती बिचारी नुसत्या केळ्यांवर आली होती. दीपमालानं तिला शब्द दिला होता, रविवारी आमच्याकडे ये, तुमच्यासारखा साधा पास्ता खाऊ घालते. फेदेरिकानं सांगितलं, आमच्याकडे वसंतात कोवळ्या भाज्या घालून करतात. दीपमालानं मटार सोलून ठेवले. फरसबी, गाजर, कांद्याची पात आणली आणि लांब पास्त्याचं महागातलं पाकीट मागवलं.

आता ऐका. रविवारी सकाळी इंदुताईंनी गच्चीवर तूरडाळ वाळत घातली. उन्हाळा लागला की घरातल्या प्रत्येक दाण्याला ऊन दाखवायचं, नाहीतर किडे होतात, हे त्यांचं ठरलेलं. त्यांना ओट्यावर ते पाकीट दिसलं. परदेशी असलं म्हणून काय झालं, पिठाचंच ना? त्यांनी ते फोडलं आणि डाळीशेजारी नीट पसरून ठेवलं.

दीपमाला वर गेली तेव्हा कबुतरांचं इटालियन जेवण उरकत आलं होतं.

"आई! पास्त्याला कुणी ऊन दाखवतं का?"

"मला काय ठाऊक गं, ते आधीच वाळवलेलं असतंय म्हणून!"

नवनाथ दुकानात पळाला आणि मसाल्याच्या नूडल्स घेऊन आला. दीपमालानं कपाळाला हात लावला. "ती बाई तिखटाला कंटाळून येतेय, आणि तुम्ही हे आणलंत?"

इंदुताईंचा चेहरा एवढासा झाला. मग पदर खोचून त्या म्हणाल्या, "नवनाथ, तो साचा काढ खाली."

मला गॅलरीतल्या बाकाला बसवलं. गरम पाण्यानं धुतलं, तेलाचा हात फिरवला. रवा-मैद्याचा घट्ट गोळा मुरत ठेवला. आणि किती वर्षांनी माझा दांडा फिरला, दीपमालाच्या हातून! पहिल्या शेवया पडल्या तशी नवनाथनं खिशातून कंपनीतला मोजायचा व्हर्नियर काढला. "आई, ही जाड आहे. रिजेक्ट."

"तूच रिजेक्ट हो आधी," इंदुताई म्हणाल्या. "चल, परात धर."

माझा कुईकुई आवाज गल्लीभर गेला आणि रिवाज जागा झाला. आधी खालच्या मजल्यावरची नीला परात घेऊन आली. "साचा काढलात आणि कळवलं नाहीत होय?" मग समोरची कस्तुरा. मग ईद तोंडावर आलेली म्हणून पिठाचा डबा कमरेवर घेऊन नजमुन्निसाभाभी. भाभींना रोजा होता, तरी दांडा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आले बरकतभाऊ, हातात वजनाचा काटा घेऊन.

"दीपमालाताई, तो साचा द्या. गाडी खाली उभी आहे."

"कौनसा साचा?" नजमुन्निसाभाभी मान वर न करता म्हणाल्या.

बरकतभाऊंचा काटा हातातच राहिला. कारण दांडा फिरवणारी बाई त्यांचीच बायको होती.

"अगं, हाच तर न्यायचाय!"

"न्या की. पहिले मेरा आटा होने दो. ईदला शीरखुर्मा खायचाय ना तुम्हाला?"

"मग झाल्यावर नेतो."

"भाभींचं झाल्यावर माझं आहे," कस्तुरा म्हणाली. "माझ्या भाचीचं लग्न आहे."

"आणि माझं पीठ काय कबुतरांना घालू?" नीलानं विचारलं.

बरकतभाऊंनी आशेनं दीपमालाकडे पाहिलं. शब्द तिनं दिला होता. ती काही बोलणार, तोच फेदेरिका दारात येऊन उभी राहिली. बाजेवरच्या शेवया पाहून तिनं दोन्ही हात गालांना लावले. आमच्याकडे पीठ लाटून कापतात, पण हा दांडा मला फिरवायचाच आहे, असं ती दीपमालाला म्हणाली. भाभींनी तिला जागा दिली. तिच्या हातून शेवया सरळ पडेनात, सगळ्या हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं ती.

मग स्वयंपाक झाला. तेलात लसणाचे काप, लाल होऊ द्यायचे नाहीत. मग गाजर, फरसबी, शेवटी मटार आणि पात. इंदुताईंचा हात मोहरीच्या डब्याकडे गेला तशी दीपमाला ओरडली, "आई, नको!" ओल्या शेवया मिठाच्या उकळत्या पाण्यात पडल्या आणि लगेच निघाल्या. इंदुताई सवयीनं पाणी मोरीत ओतायला निघाल्या, तर फेदेरिकानं पातेलंच धरलं. त्यातलं वाटीभर पाणी भाजीत घातलं, शेवया परतल्या, वर लिंबू पिळलं. सगळं कसं चकचकीत झालं! ती दोनदा वाढून घेऊन जेवली. इंदुताईंनी चवीला घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं झालंय. मोहरी पाहिजे होती."

दीपमाला हात पुसत बाहेर आली. बरकतभाऊ अजून जिन्यातच बसले होते.

"बरकतभाऊ, साचा राहू द्या. चूक झाली माझी. माळ्यावर पंखा आहे, तो न्या. आणि रोजा सोडायला हा डबा घेऊन जा."

"पंखा तर पंखा," भाऊ म्हणाले. "साचा नेला असता तर घरी मला कुणी जेवायला दिलं नसतं."

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर माझ्यासारखं कुणी असेल. त्याला गंजलेला म्हणण्याआधी एकदा खाली काढून बघा. काम झालं की चकतीतलं पीठ वाळायच्या आत सुईनं काढा, कोरडं पुसा, तेलाचा हात फिरवा. आम्हाला कौतुक नको, हात पाहिजे असतो.

आणि त्यानंतर काय झालं? फेदेरिकाबाई मला विमानातून इटलीला घेऊन गेल्या! खिडकीजवळची जागा दिली. तिथे अख्खं गाव पराती घेऊन रांगेत उभं. मी एवढा पास्ता पाडला, की समुद्रावर पूल झाला आणि त्यावरूनच मी काल संध्याकाळी चालत परत...

"खोटं!" विजयश्री उठून उभी राहिली. "त्या रविवारपासून तुला या बाकावरून कुणी सोडवलंच नाहीये! अजून नंबर संपले नाहीत!"