बाहेरून घ्या

बायको, सुलाबाई, वारल्यापासून सहादूच्या घशाखाली घास उतरेना. चहा उतरे, पाणी उतरे. भाकरीचा तुकडा मात्र गळ्याशी येऊन अडून बसे. पाच महिन्यांत गड्याची हाडं वर आली. पंचवटीच्या बाजारात वांगी टाकायला गेला की ओळखीचे व्यापारी हळूच कॅन्सरचं नाव काढत. आणि खरं सांगायचं तर सहादूलाही ते नाव हवंच होतं. गाठ निघाली असती तर ओझरच्या कारखान्यात लागलेला त्याचा एकुलता एक मुलगा, कुंदन, रजा टाकून धावत आला असता. नुसती अन्नावरची वासना उडाली म्हणून कोण रजा देतं?

सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला, घशातून दुर्बीण घालून झाली. गाठ नाही, जखम नाही. मोठे साहेब म्हणाले, "काही झालेलं नाही तुम्हाला, जा घरी." पाच महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाला म्हणे काही झालेलं नाही!

साहेबांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याला थांबवलं. "आबा, जेवताना सोबत कोण असतं?"

सहादूने मान खाली घातली. चाळीस वर्षं सुलाबाईने त्याला एकट्याला जेवू दिलं नव्हतं. तो मळ्यात असला तर भाकरी घेऊन बांधावर येऊन बसायची. हे सगळं सांगायचं होतं, पण मागे रांग होती. बाईंना न सांगताच कळलं असावं. पण त्या तरी काय करणार? मनाच्या डॉक्टरांची जागा दोन वर्षं भरलीच नव्हती, खोलीला कुलूप होतं. त्यांनी केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, "हे मुलाला दाखवा."

केसपेपर हातात आला की औषधाच्या खिडकीवर जायचं, एवढंच सहादूला ठाऊक. तो तासभर तिथे उभा राहिला. खिडकीतल्या माणसाने कागद दोनदा वाचला आणि त्याला हसू फुटलं.

"बाबा, यात लिहिलंय, दोन्ही वेळा कुणाच्या तरी सोबत जेवावं. हे आपल्याकडे मिळत नाही. बाहेरून घ्या."

रांगेतली माणसं हसली. सहादूही हसला, आणि मग त्याला फार एकटं वाटलं.

फाटकाबाहेरच्या एसटीडी बूथवरून त्याने मुलाला फोन लावला.

"आबा, रिपोर्ट आले?"

"आले."

"नॉर्मल ना? मला वाटलंच. उगाच काळजी करता. बरं, ठेवतो, पाळीला निघायचंय."

कागद सहादूच्या हातातच होता. त्यावरच्या दोन ओळी सांगितल्या की झालं. पण पोटच्या पोराला 'माझ्यासंगं जेवायला ये' म्हणायची त्याला लाज वाटली.

"कुंदन," तो म्हणाला, "गाठ हाय रं."

कुंदन घाईघाईने म्हणाला, "आबा, तिथंच थांबा. कुठं जाऊ नका. मी निघालो."

सहादूने फोन ठेवला. जन्मात तो पोराशी एवढं मोठं खोटं बोलला नव्हता. आता त्याला काय तोंड दाखवायचं, ते सुचेना. तो दवाखान्याच्या पायरीवर, रस्त्याकडे डोळे लावून बसला. ओझरहून यायला तासभर तरी लागणार होता. आणि त्या तासाभरात, पाच महिन्यांत पहिल्यांदाच, त्याला सडकून भूक लागली.