अकरा नग कमी

"सव्वीस," नवरा म्हणाला आणि त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "बिलांप्रमाणे सव्वीस. आता प्रत्यक्ष मोजू."

रविवारची दुपार. जेवणं आटोपली होती आणि झोपायच्या खोलीत माझ्या कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी होती. पलंगाच्या एका टोकाला सासूबाई, दुसऱ्या टोकाला नणंद, आणि तिच्या मांडीवर आमची ठकी. मी खिडकीला टेकून उभी होते. स्वतःच्या कपाटासमोर उभं राहायला मला दुसरी जागाच उरली नव्हती.

नवरा एका गोदामात साठा तपासतो. वर्षाच्या शेवटी बिलं हातात घेऊन फळ्यांवरचा माल मोजायचा, कमी भरला तर का कमी भरला ते लिहायचं, हे त्याचं काम. बारा वर्षं तेच केल्यावर माणसाला घरही गोदामासारखंच दिसायला लागतं. आदल्या आठवड्यात त्याने बँकेचा कागद काढून कपड्यांच्या दुकानांची नावं लाल पेन्सिलीने गोल केली होती. मी नोकरी सोडून चौदा महिने झाले होते, ठकी तेरा महिन्यांची होती, आणि घरखर्चाचं कार्ड माझ्याकडे असायचं. ते आपल्याकडे घ्यावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण तसं सरळ म्हणणारा तो नाही.

"आधी साठा घेऊ," म्हणाला, "मग कार्डाचं ठरवू."

एकदा कार्ड गेलं की ठकीच्या मलमासाठीसुद्धा मला कुणाच्या तरी येण्याची वाट बघावी लागली असती. एरवी मी महिनाभर त्याच एका विचाराने कुढत बसले असते; पण त्याने आठवडा दिला आणि त्या आठवड्यात मी तयारी केली.

"बाळ्या, कपाटाला भाडं लाव रे," नणंद म्हणाली. "हिने दुकान थाटलंय आत."

सासूबाई हसल्या. नवराही हसला. चाळिशीला आलेला माणूस, पण मोठ्या बहिणीने 'बाळ्या' म्हटलं की त्याचे खांदे खाली येतात.

"ताई, ठकीचा हात बिलांवर येतोय बघ."

"येऊ दे की. आईची बिलं आहेत, तिलाही कळू दे."

नणंद काय बोलते ते मी लक्षात ठेवते, ही माझी जुनी सवय.

तो मोजायला लागला. एक नग, निळा शर्ट. दोन नग, करडा शर्ट. तीन नग, पुन्हा करडा. हे तिन्ही पुढून उघडणारे, पहिल्या महिन्यांत दूध पाजायला घेतलेले. छातीपाशी धुऊन-धुऊन विटलेले. मग कमरेला इलॅस्टिक असलेल्या पॅन्ट, चार. मग एक ढगळ झगा, ज्यात मी सासूबाईंच्या भाषेत 'तंबू' दिसते. वर्षभराचं माझं शरीर तो हँगरवरून एकेक करून खाली काढत होता आणि पलंगावर टाकत होता, आणि तिघं ते बघत होती.

"आमची बाळंतपणं दोन कपड्यांत निघाली," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तेव्हा फोनवर दुकान नव्हतं गं," नणंद म्हणाली. "आता बोट लावलं की दारात पेटी."

तेही खोटं नव्हतं. पाचव्या महिन्यात जुन्या ऑफिसमधून फोन आला होता, परत येणार का म्हणून. मी 'बघते' म्हणाले आणि त्याच संध्याकाळी एक जॅकेट मागवलं. जुन्या मापाचं. त्याच्या पाठोपाठ दोन टॉप, एक सरळ स्कर्ट, एक पांढरा शर्ट, मग आणखी असेच. सगळे जुन्या मापाचे. दुकानवाले पंधरा दिवसांत परत घेतात. पण त्या पंधरा दिवसांत ठकीची मान लाल झालेली असायची, दवाखान्याच्या खेपा असायच्या, आणि मुदत टळून जायची. कपडे लेबलासकट टांगलेले राहायचे. मी रोज कपाट उघडून त्यांच्याकडे बघायची आणि करडा शर्ट काढायची.

"पंधरा," नवरा म्हणाला. त्याने पुन्हा मोजले. "पंधराच. अकरा नग कमी."

त्याचा चेहरा खरोखर गंभीर झाला. माल जास्त भरला तर तो चिडतो. कमी भरला तर घाबरतो.

"परत केलेस का?"

"नाही."

"कुणाला दिलेस?"

"नाही."

"मग अकरा नग जातात कुठे?"

"एक नग पलंगावर बसलाय," मी म्हणाले.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. नणंदेच्या अंगात हिरवा टॉप होता, गळ्याला जरीची पट्टी असलेला. तिने मान खाली घालून स्वतःकडेच बघितलं, जणू तो आपोआप अंगावर आला होता.

"अगं, हा तूच दिलास मला."

"मी दिला नाही, ताई. तुम्ही म्हणालात, एकदा घालून बघते."

हे कसं झालं ते सांगते. नणंदेचं लग्न मोडून सहा वर्षं झाली होती. ती एका चष्म्याच्या दुकानात समोरच्या टेबलाशी बसते, गिऱ्हाइकांची नावं लिहून घेते. नीटनेटकं दिसावं लागतं आणि पगार बेताचा. एकटीची खोली. दर रविवारी ती आमच्याकडे यायची, आल्या आल्या हात धुऊन ठकीला उचलायची ती निघेपर्यंत खाली ठेवायची नाही. आणि जाताना माझं कपाट उघडायची. जॅकेट नेलं त्या दिवशी तिने ते आरशासमोर अंगाला लावलं आणि आरशातूनच मला म्हणाली, "अगं, हे माप आता परत येत नसतं. कशाला जीव टांगून ठेवतेस?"

मागे मी होते, दुधाने भिजलेल्या करड्या शर्टात. जॅकेट गेल्याचं मला काही वाटलं नाही. ते वाक्य मात्र मी आठ महिने जपून ठेवलं.

"दिला काय, नेला काय," नणंद आता म्हणत होती. "घरातल्या घरात काय हिशेब मांडायचे? आणि एकाचं ठीक आहे, बाकीचे दहाही मीच नेले म्हणतेस?"

"म्हणत नाही. वाचून दाखवते."

मी उशाखालून वही काढली.

ठकीला दुसऱ्या महिन्यापासून पुरळ उठायचं. गाल, मान, कोपराच्या घड्या. खाजवून खाजवून रक्त काढायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बाळाला जे जे कापड लागतं ते लिहून ठेवा. मी कॉलेजात प्रयोगवह्या सुबक ठेवणारी मुलगी. मी रकानेच आखले. तारीख. बाळाला कुणी घेतलं. अंगात काय होतं. पुरळ: नाही, थोडं, फार. दहा महिने एक दिवस चुकला नाही. घरातले मला हसायचे. नवरा म्हणायचा, गोदामात अशी माणसं मिळत नाहीत.

"चार तारीख, रविवार," मी वाचलं. "घेतलं, ताई. काळं जॅकेट, माझं. अकरा तारीख, ताई. पांढरा शर्ट, माझा. अठरा, ताई. पांढरा शर्ट, माझा. पंचवीस, ताई. फुलाफुलांचा टॉप, माझा."

नवऱ्याचा हात आपोआप कानाकडे गेला. त्याने पेन्सिल काढली आणि मी पुढे वाचत गेले तसा बिलांवर खुणा करायला लागला. मला त्याचं हसू आलं नाही. उलट बरं वाटलं. ज्या यादीने मला उघडं पाडायला निघाला होता, तीच तो आता माझ्यासाठी भरत होता.

"किती झाले?" सासूबाईंनी विचारलं.

"सात," नवरा म्हणाला. "आठ."

"पुरे," नणंद म्हणाली. तिच्या आवाजातली मजा गेली होती. "सगळे आणून देते. तिथं टांगलेच होते म्हणून नेले. वाया जात होते."

"नऊ," नवरा म्हणाला. "दहा. हिरवा धरून अकरा. साठा जुळला." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कार्डाचं राहू दे. तुझ्याकडेच असू दे."

इथे मी वही मिटायला हवी होती. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. पण नणंद ठकीच्या केसांतून बोटं फिरवत होती आणि हळूच तिच्या कानात म्हणाली, "तुझी आई पोलिसात जायला हवी होती गं." ठकी खुदकन हसली. माझं मूल, आणि हसलं.

"अजून एक रकाना राहिला," मी म्हणाले.

"कसला?"

"पुरळाचा." आणि मी पुन्हा जॅकेटच्या पानावर गेले. "चार तारीख, ताई, जॅकेट. पुरळ, फार. अठरा, ताई. फार. पंचवीस, ताई. थोडं. दोन तारीख, ताई, हिरवा, जरीचा. फार. नऊ, ताई, हिरवा. फार."

मी सावकाश वाचत होते, शाळेत हजेरी घेतात तशी. आणि पानं उलटत होते. पानं कशी उलटत होते ते मला एकटीला माहीत. अकरा तारखेला ताई होती आणि पुरळ नव्हतं. ती ओळ मी सोडली. नणंद तापाने आजारी होती ते दोन आठवडे, तेव्हा ती आमच्या घराकडे फिरकलीही नाही, आणि त्याच दोन आठवड्यांत ठकीचं सगळं अंग सोललं होतं. ती दोन पानं मी एकत्र धरून उलटली. आणि गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी वही चाळून परत दिली होती. म्हणाल्या होत्या, "कापडाचा संबंध लागत नाही. कातडीच तशी आहे, वाढेल तशी बरी होईल. वही बंद करा आता." घरी येऊन मी एवढंच सांगितलं होतं की मलम बदललंय.

"म्हणजे हिच्यामुळे?" सासूबाई म्हणाल्या. "हिच्या कपड्यांमुळे पोर एवढी सोलवटली?"

"मी तसं म्हणत नाही, आई. जे लिहिलंय ते वाचलं."

नणंदेने ठकीकडे पाहिलं. ठकीचा गाल त्या जरीच्या पट्टीला टेकलेला होता. तिने तो अलगद बाजूला केला. मग दोन्ही हातांनी ठकीला उचलून पलंगावर, माझ्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसवलं. उठून उभी राहिली.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"ताई," नवरा म्हणाला, "काही दिवस ठकीला घेऊ नकोस. नाही म्हणजे, बघू या फरक पडतो का."

"हो," ती म्हणाली. "बघू या."

ती गेली तेव्हा मी कपाट लावायला घेतलं. मला हलकं वाटत होतं. पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण झाला नाही. दोन दिवस मी गुणगुणत भांडी घासली.

बुधवारी दुकानाच्या मधल्या सुट्टीत ती दारात येऊन पिशवी ठेवून गेली. अकरा नग, धुतलेले, लाँड्रीतून इस्त्री केलेले, जॅकेटचं सैल झालेलं बटण नवीन दोऱ्याने लावलेलं. मी जॅकेट घालून पाहिलं. पाठीत बसलं नाही.

आणि रविवारी ती पुन्हा आली. येणार नाही असं मला वाटलं होतं. अंगात सुती सदरा होता, धुऊन-धुऊन मऊ पडलेला, कधीकाळी कुठल्या रंगाचा होता ते सांगता आलं नसतं. दारातच म्हणाली, "साध्या साबणाने धुतलाय. दोनदा." ती नेहमीप्रमाणे हात धुऊन आली, पण पलंगावर न बसता खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

ठकीला हे मान्य नव्हतं. ती रांगत खुर्चीपाशी गेली, नणंदेच्या गुडघ्यांना धरून उभी राहिली आणि तोंड वर करून ओरडली.

"घे गं हिला," नणंद मला म्हणाली. "लवकर घे. मी लावत नाहीये हात." आणि तिने दोन्ही हात खांद्यांच्या वर धरले, तळवे उघडे.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्यानेही. डॉक्टरीणबाईंच्या एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि मी ते तिथेच ठेवलं.

ठकीला वाटलं हा खेळ आहे. तिने नणंदेच्या हातांकडे नीट पाहिलं, मग तिचे गुडघे सोडले आणि स्वतःचेही दोन्ही हात वर केले. कशालाही न धरता ती पहिल्यांदाच उभी होती. समोर आत्या, हात वर केलेली.

"बाळ्या, बघ," नणंद अगदी हळू म्हणाली. "बघ रे, उभी राहिली."

ठकी डुलली. नणंदेचे हात झटकन खाली आले, तिच्या काखेपर्यंत आले, आणि बोटभर अंतरावर थांबले. ठकी धपकन खाली बसली. नणंदेने हात पुन्हा वर घेतले.