शिळं पाणी

गंगाधरशेठच्या भोईवाड्यातल्या गॅरेजात माठ एकच होता आणि तो भरायचं काम माझं. मी तिथला मोठा मिस्त्री, चौदा वर्षं काढलेला, पण माठाला मी दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसे.

आनंदा आमच्याकडे आला तो रेल्वेच्या कारखान्यात बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम शिकून. फुटलेलं बीड सांधणारा तसा माणूस परळ-लालबागेत दुसरा नव्हता. हे मी आज म्हणतो, तेव्हा जीभ वळली नसती. पहिली दोन वर्षं पाणी प्यायला तो ओंजळ पुढं करायचा आणि मी वरून ओतायचो. त्याला त्यात काही वाटत नसावं असं मी सोयीनं धरून चाललो होतो. मग छप्पनच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि आला त्याच दिवशी माठाशी जाऊन त्यानं झाकण काढलं, पेला स्वतः बुडवला आणि घटाघटा प्यायला. "राहू द्या मिस्त्री, मी घेतो," एवढंच म्हणाला.

शेठ समोरच बसले होते. शेठ म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समितीचे माणूस, मोर्चात पुढं असणारे, दोन दिवस तुरुंगातही राहून आलेले. त्यांच्या तोंडून वावगा शब्द जाणं शक्यच नव्हतं. दहा मिनिटांनी ते मला म्हणाले, "कुशाबा, पाणी शिळं झालंय रे. बदल."

तेव्हापासून आमच्याकडचं पाणी दिवसातून तीनदा शिळं व्हायला लागलं. आनंदा प्यायला की झालं शिळं. नळ गल्लीच्या टोकाला, आणि माठ घेऊन जायचं माझ्या नशिबी. राग शेठचा यायला हवा होता, पण मला यायचा आनंदाचा. शेठवर रागावून पोट भरत नाही.

सत्तावन्नच्या निवडणुकीच्या तोंडावर गिरगावच्या हेरंब वकिलांनी आपली जुनी उघड्या टपाची फोर्ड समितीच्या प्रचाराला दिली. दिली म्हणजे आमच्या दारात आणून टाकली. तीन वर्षं ती शेडमध्ये उभी होती, इंजिनात पाणी तसंच. आठ सिलिंडरचं इंजिन, त्याला वरून झाकणासारखी दोन बीडाची हेड, आणि दोन्ही गंजून खाली चिकटून बसलेली. नवीन मिळायची सोय नव्हती, परदेशी माल यायचा बंद झाला होता. मी दोन घाव घालून पाहिले आणि सांगितलं, "भंगारात घाला."

आनंदा म्हणाला, "चार दिवस द्या."

चार दिवस तो रॉकेल पाजत राहिला आणि लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकत राहिला. पाचव्या दिवशी दोन्ही हेड सुटून आली. आतून गंजानं खाल्लेली, जागोजाग भोकं पडलेली. तरी तो म्हणाला, सांधतो. तेव्हा शेठ सगळ्यांसमोर बोलून गेले, "आनंदा, ही दोन वाचवलीस तर उद्यापासून मोठा मिस्त्री तू. कुशाबा आता थकलाय."

मी छप्पन वर्षांचा होतो. त्या दिवशी डबा न उघडताच घरी परत नेला.

दुसऱ्या दिवशी आनंदानं पहाटे पाचला भट्टी लावली. हेड कोळशात लाल केली, सांधली, आणि नऊच्या सुमाराला मागच्या अंगणात राखेच्या ढिगात खोल पुरली. मला म्हणाला, "मिस्त्री, बीड हळूहळू निवायला लागतं. उद्या सकाळपर्यंत या राखेला कोणी हात लावायचा नाही. थंड वारा जरी लागला तरी तडकेल. शेठ आले की त्यांनाही सांगा."

मी म्हटलं, "सांगतो."

मग तो पाणी प्यायला. नेमके तेव्हाच शेठ आत आले आणि त्यांनी पेला पाहिला. आनंदा गॅस्केट आणायला लॅमिंग्टन रोडला निघून गेला आणि शेठ म्हणाले, "कुशाबा, पाणी शिळं झालंय."

मी माठ उचलून बाहेरच्या गटाराकडे निघालो. तिथं कार्यकर्त्यांनी कापडी फलक वाळत पसरले होते, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे', अक्षरं अजून ओली. शेठ ओरडले, "तिकडं नको, रंग जाईल. मागं राखेवर ओत."

शेठना काही ठाऊक नव्हतं. मला होतं. एक वाक्य बोलायचं होतं आणि मी मूग गिळून बसलो. मागं गेलो, ढिगाच्या बरोबर मधोमध माठ उपडा केला. तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी राख चुरचुरली, वाफेचा लोट आला, आणि आतून आवाज आला, टण्. एकदाच. मी नळावर जाऊन माठ भरून आणला.

सकाळी आनंदानं राख उकरली तेव्हा ती ओल्या पिठासारखी हाताला लागली. तो तिथंच थांबला. मग त्यानं दोन्ही हेड बाहेर काढली. एक शाबूत होतं. दुसऱ्याला इकडून तिकडे तडा. शेठ आले, हेरंब वकीलही आलेले.

"पाणी कोणी ओतलं?" आनंदानं विचारलं.

शेठनी माझ्याकडं पाहिलं, मी शेठकडं. आपण काय करवलं ते त्यांना तेवढ्यात कळलं, मला ते त्यांच्या तोंडावर दिसलं. पण वकील शेजारी उभे होते.

"पाण्यानं कुठं लोखंड फुटतं?" शेठ म्हणाले. "गाडीत पाणीच तर घालतो आपण." वकील हसले.

"शेठ, माठ काल सकाळी सातला भरला होता. मी प्यायल्यावर लगेच शिळा कसा झाला?"

शेठ चिडले. "काम बिघडवून वर तोंड करतोस? उद्यापासून येऊ नको."

आनंदा माझ्याकडं वळला. "मिस्त्री, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"माका काय म्हायत?" मी म्हणालो. खोटं बोलताना माझ्या तोंडी नेहमी गावची बोली येते. त्यानं हत्यारांची पिशवी भरली आणि तो गेला. त्याच आठवड्यात मी परळपासून गिरगावापर्यंतच्या गॅरेजांत बोलून ठेवलं की याच्या हातात बीड तडकतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच केलं.

तड्यात मी फटी बुजवायची लांबी भरली, वर काळा रंग मारला आणि गाडी जोडली. रविवारी प्रचारफेरी निघाली. मी चालवायला, मागं शेठ आणि वकील हात जोडून उभे, कर्ण्यातून 'मराठी माणूस तेवढा एक' चाललेलं. नायगावला बीडीडी चाळींत पोचेपर्यंत गाडी गळून गळून तापली आणि धूर सोडत बंद पडली. नेमकी आनंदाच्या चाळीखाली. गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या.

आनंदा जिना उतरून आला, खांद्यावर घागर. माझ्यासमोर धरून म्हणाला, "घ्या मिस्त्री. ताजं आहे."

मी इंजिनावर हात धरून पाहिला. धग लागत होती. "जरा निवू दे," मी म्हणालो.

"का?" आनंदानं शांतपणे विचारलं. "पाण्यानं कुठं लोखंड फुटतं?"

वकिलांनी शेठकडं पाहिलं. फुटतं म्हणालो असतो, तर तिथंच, त्या सगळ्या मतदारांसमोर, मागचं सगळं बाहेर पडलं असतं. शेठ घाईघाईनं म्हणाले, "ओत रे कुशाबा. लोक थांबलेत."

मी ओतलं. टण्. या वेळी सगळ्यांनी ऐकलं. हेड दुभंगलं आणि पाणी माझ्या पायांवर आलं. आनंदाची बायको राधा तांब्याभांडं घेऊन आली होती, तिनं ते शेठपुढं धरलं. "आताच प्यायलो," शेठ म्हणाले. घागरीच्या तळाशी थोडं उरलं होतं, ते मी तोंडावर मारलं आणि ओंजळभर प्यायलो. आनंदानं ते पाहिलं, आणि शेठनीही. रिकामी घागर उचलून तो वर गेला.

त्याला परत काम मिळालं नाही, माझं बोलणं सगळीकडे आधीच पोचलं होतं. मोठा मिस्त्री मीच राहिलो. शेठ मला काढू शकत नव्हते, काढलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्या रविवारी गाडी ढकलत आम्ही भोईवाड्याला आणली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी माठाशी गेलो, झाकण काढलं, पेला बुडवला आणि प्यायलो, चौदा वर्षं पीत आलो होतो तसाच. शेठ खुर्चीत बसून बघत होते. दहा मिनिटं गेली.

"कुशाबा," शेठ म्हणाले, "पाणी शिळं झालंय रे. बदल."